एक राणी, दोन बोळे आणि एक रोखपाल

वाशिम जिल्ह्यात मुंग्यांची टंचाई हा प्रश्न 1 जुलै 1998 रोजी जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पाणी, रस्ते, सोयाबीनचा भाव यांबद्दल सहाही तालुक्यांतून निवेदनं जातात. पण ‘आमच्याकडे मुंग्या कमी पडताहेत’ असं निवेदन घेऊन कारंज्याहून किंवा मानोऱ्याहून कोणी जिल्हाधिकारी कचेरीत आल्याचं ऐकिवात नाही. उलट घरोघरी त्यांच्याशी कायमची लढाई चालू असते. साखरेच्या डब्यात लवंगा, उंबऱ्यावर हळदीची रेघ, ओट्याच्या कडेनं विषारी खडूची रेघ आणि दुधाचं पातेलं पाणी भरलेल्या परातीत. एवढा बंदोबस्त करून सकाळी झाकण काढावं, तर साय काळी.

2022 साली शास्त्रज्ञांनी जगातल्या मुंग्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दर माणशी सुमारे 25 लाख मुंग्या निघाल्या. म्हणजे पाच माणसांच्या घराच्या वाट्याला सव्वा कोटी. अर्ज नाही, हप्ता नाही, आधारकार्ड जोडायची भानगड नाही. घरपोच.

आता समजा, या सव्वा कोटींचा धनी वाशिममधल्या एखाद्या बँकेत रोखपाल आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून संध्याकाळी स्वतःचं काहीतरी मोजावं अशी त्याची जुनी इच्छा आहे. एके रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर बोट फिरवता फिरवता त्याला एक व्हिडिओ दिसतो. काचेच्या पेटीत मुंग्यांचं राज्य, आत बोगदे, दालनं, आणि बाहेर हाताची घडी घालून उभा असलेला तृप्त मालक. रोखपाल तिथल्या तिथे पेटी मागवतात. कुरिअरवाला दारात येतो तेव्हा खोकं पहिल्यांदा आईच्या हाती लागतं.

“काय आलं बापू?”

“घर आलं.”

“कोनाचं?”

“मुंग्यांचं.”

आई जरा वेळ छताकडे बघते. “आपला स्लॅब तीन वर्सापासून गळते. अन् मुंग्याईचं घर पह्यले आलं!”

पेटी उघडल्यावर समजतं की घर आहे, पण राहणारं कोणी नाही. यात फसवणूक काही नाही, धंद्याची जुनी रीतच आहे. अमेरिकेत मिल्टन लेव्हिन नावाच्या गृहस्थानं 1956 साली मुंग्यांची पेटी बाजारात आणली आणि पुढे तिचे लाखो नग खपवले. त्यातही मुंग्या नंतर टपालानं यायच्या आणि राणी तर नसायचीच. राणीशिवाय वसाहत काही आठवड्यांची पाहुणी. कारण कामकरी मुंग्या म्हाताऱ्या होऊन मरतात आणि नव्या जन्माला घालणारं कोणी नसतं. खरी हौस असेल तर राणी स्वतः शोधावी लागते.

ती सापडते पहिल्या दमदार पावसानंतर. त्या संध्याकाळी पंखवाल्या राण्या आणि पंखवाले नर वारुळातून उडतात, हवेत लग्नं लागतात आणि वऱ्हाड दिव्याखाली कोसळतं. मृगाच्या पावसात अख्खं वाशिम भजी तळत असताना पाटणी चौकातल्या एका खांबाखाली बँकेचा रोखपाल रेनकोट घालून ओणवा झालेला आहे आणि हातात औषधाची रिकामी बाटली आहे, हे दृश्य लोकांनी सहज घेतलं असतं. पण ओळखीचा पेन्शनर नेमका तेव्हाच तिथून जातो.

“साहेब, काही पडलं का?”

“राणी शोधतोय.”

पेन्शनर पुढचं काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पैसे घेताना नोटा तीनदा मोजतो.

पहिल्या रात्रीची राणी देव्हाऱ्यावर मुक्कामाला ठेवली जाते. सकाळी शेजारचे निवृत्त कृषी सहायक चहाला येतात, बाटली उजेडात धरतात आणि विचारतात, “भाऊ, हा देव्हारा सागवानी हाय ना?”

“हो, का?”

“मंग ही तिकडून उचला. हे उधई हाय.” आणि ते बोटानं दाखवत समजावतात: वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ, कंबर नावालाही नाही. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा मध्येच वाकलेल्या आणि कंबर अशी की शिंप्यानं माप घ्यायला नकार द्यावा. रोखपाल बाटली घेऊन फाटकापर्यंत जातात. आईनं त्या दिवशी देवाला नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले.

पुढच्या पावसात खरी राणी मिळते. काळ्या मुंगळ्याची. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडे म्हणतात. नराच्या बाबतीत ते अगदी खरं आहे, तो लग्नानंतर फार काळ टिकत नाही. राणीची गोष्ट वेगळी. ती जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख स्वतः तोडून टाकते, एखाद्या भोकात स्वतःला कोंडून घेते आणि पंखांचे निकामी झालेले स्नायू जिरवून त्यावर पहिली पिलं पोसते. हौशी लोक हे भोक परीक्षानळीत बनवतात. तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग तोंडाशी दुसरा बोळा. नळी अंधारात ठेवायची आणि महिना-दीड महिना विसरून जायचं.

विसरून जाणं हा या छंदातला सगळ्यात अवघड भाग. कपाटात साड्यांच्या मागे ठेवलेली नळी रोखपाल चहाआधी बघतात, चहानंतर बघतात, बँकेतून आल्यावर पायातले बूट न काढता बघतात. रात्री दोन वाजता मोबाईलच्या उजेडात बघतात. सततच्या हादऱ्यांनी आणि उजेडानं बिथरलेली राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तिनं पुस्तक वाचलं नव्हतं, तरी नेमकं तसंच केलं.

“अहो,” बायको साड्यांच्या घड्या नीट करत म्हणते, “माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून तुम्ही एवढ्या वेळा डोकावला नव्हता.”

नळी जप्त होते आणि कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला जाते. त्यानंतर मात्र सगळं सुरळीत. राणी पुन्हा अंडी घालते, अळ्या होतात, कोष होतात आणि एके दिवशी चार-पाच किरकोळ अंगाच्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. रोखपाल शाखेत पेढे वाटतात. “काय झालं?” या प्रश्नाला “मुली” असं उत्तर दिल्यामुळे दोन दिवस मोठा गोंधळ उडतो.

उत्तर मात्र चुकीचं नव्हतं. कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. नर अफलित अंड्यातून होतो, त्यामुळे त्याला बाप नसतो, पण आजोबा असतात. रोखपाल हे रात्री जेवताना उत्साहानं सांगतात. आई भाकरी मोडता मोडता थांबते.

“मंग घरातलं काम कोन करते?”

“सगळं बायकाच करतात. पिलं सांभाळणं, साफसफाई, अन्न आणणं, पहारा.”

“अन् नर?”

“काही नाही.”

“मंग हे पाहाले पेटी कायले इकत आनली बे? सैपाकघरात येऊन बसाचं होतं.”

घरच्यांना पटवायला थोर माणसांचे दाखले लागतात. रोखपालांना ते सापडतात आणि नशिबानं पहिला दाखला बँकेतलाच निघतो. इंग्लंडचे सर जॉन लबक घराण्याच्या बँकेत काम करत, खासदार होते आणि 1871 साली बँकांना हक्काच्या सुट्ट्या देणारा कायदा त्यांनीच मंजूर करून घेतला. एवढं पुण्य पदरी असलेला हा माणूस घरात मुंग्या पाळायचा. 1874 पासून पाळलेली एक राणी त्यांच्याकडे 1888 पर्यंत जगली. मुंग्यांना ऐकू येतं का हे तपासायला लबकसाहेबांनी त्यांच्यापुढे व्हायोलिन वाजवलं, शिट्ट्या फुंकल्या आणि शेवटी स्वतः जमेल तेवढ्या भसाड्या आवाजात ओरडूनही पाहिलं. मुंग्यांनी मान वर केली नाही. मग त्यांनी काही मुंग्यांना दारू पाजली. शुद्धीवरच्या मुंग्यांनी आपल्या वारुळातल्या झिंगलेल्या बहुतेक बहिणींना उचलून घरी नेलं आणि परक्या वारुळातल्यांना बहुतेक वेळा शेजारच्या पाण्यात टाकून दिलं.

“बँकेतल्या लोकांना फावला वेळ फार,” एवढंच मत बायकोनं दिलं.

दुसरा दाखला घरच्या मातीतला. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे आकडेवारी गोळा करणारे अधिकारी. पुण्यात असताना त्यांच्या व्हरांड्यातल्या टेबलावर फळं, केक आणि मुरंबे ठेवलेले असत. मुंग्या येतात म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले. आधी मुंग्या बिचकल्या, मग पाणी ओलांडून रोज सकाळी शेकड्यांनी मिठाईवर. पायांना टर्पेंटाइनचा पट्टा दिला. काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. टेबल भिंतीपासून इंचभर दूर, पाय पाण्यात, वर टर्पेंटाइन, तरी या येतात कुठून? एके दिवशी कर्नलसाहेबांना दिसलं की मुंग्या भिंतीवर टेबलाच्या फूटभर वर चढतात आणि तिथून सरळ मेजपोशावर उड्या टाकतात. साइक्सनी चिडून भिंत पाडली नाही. ते सगळं लिहून काढून 1830च्या दशकात लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापलं. मुंग्यांकडून हरलेल्या असंख्य गृहस्थांपैकी हरल्याचा शोधनिबंध करणारा हा एकच.

याच साइक्सना 1829 च्या जूनमध्ये पुण्यातल्या मैदानावर गवताच्या बियांचे ढीग दिसले होते. पावसानं भिजलेलं आपलं धान्य मुंग्या पहिलं ऊन पडताच बिळातून काढून वाळत घालत होत्या. ही गोष्ट आईला एकदम आवडली. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन तिनं जन्मभर अंगणात पसरलं होतं.

“त्याईलेबी ओल्या मालाचा भाव भेटला नसन,” ती म्हणाली आणि त्या दिवसापासून पेटीपुढे अधूनमधून बसू लागली.

बसल्यावर माणूस बघतो आणि बघितलं की शोध लागतात. पहिला शोध बायकोनं लावला. “ही कोपऱ्यातली आहे ना, ही सकाळपासून इथंच आहे. कालही इथंच होती.” रोखपाल म्हणाले, विश्रांती घेत असेल. परवाही तीच. मुंगी म्हणजे कष्टाळूपणा, हे चौथीच्या पुस्तकापासून डोक्यात बसलेलं. पण अमेरिकेतल्या अॅरिझोना विद्यापीठात डॅनियल शार्बनो आणि अॅना डॉर्नहाउस यांनी एका जातीच्या मुंग्यांना रंगाचे ठिपके लावून नजर ठेवली, तेव्हा सुमारे 40 टक्के मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसून असल्याचं 2015 साली दिसून आलं. पुढे त्यांनी सर्वांत कामसू मुंग्या काढून घेतल्या, तर बसलेल्यांतल्या काही उठून कामाला लागल्या. बसलेल्याच काढून घेतल्या, तर वसाहतीचं काहीच अडलं नाही. रोखपालांनी ही माहिती शाखेत जेवणाच्या सुट्टीत सांगितली. कोणी काही बोललं नाही. दोघं-तिघं लवकर उठून खुर्चीवर जाऊन बसले.

दुसरा शोध मेलेल्या मुंग्यांचा. पेटीच्या एका कोपऱ्यात त्या कचरा टाकतात आणि मयत झालेल्या बहिणीलाही तिथेच नेऊन ठेवतात. मेलेलं आहे हे त्यांना वासावरून कळतं, कुजताना ओलेइक आम्ल तयार होतं त्याच्या. एडवर्ड विल्सन यांनी 1958 साली हे आम्ल जिवंत मुंगीला चोपडलं. बाकीच्यांनी तिला उचललं आणि ती पाय झाडत असताना स्मशानात नेऊन टाकलं. ती उठून परत आली, पुन्हा नेलं. अंग चाटूनपुसून वास गेल्यावरच तिला घरात घेतलं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणाऱ्या पेन्शनरला ‘तुम्ही जिवंत असल्याचं मशीनवर येत नाहीये, बोट पुन्हा ठेवा’ असं सांगणाऱ्या रोखपालांना या मुंगीबद्दल विशेष जिव्हाळा वाटला.

खाण्याचं मात्र प्रकरण वाढत गेलं. मोठ्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती साखरपाणी पिते, पोटाच्या एका वेगळ्या पिशवीत साठवते आणि तोंडाला तोंड लावून इतरांना वाटते. अळ्यांना मात्र मांसाहार हवा. लसूणही चातुर्मासात वर्ज्य असलेल्या घरात हा विषय काढायचा कसा? शिवाय किडा विषारी फवाऱ्यानं मेलेला चालत नाही, वसाहत दगावते. त्यामुळे घरातली डासांची उदबत्ती बंद झाली, फवारा माळ्यावर गेला आणि रोखपाल रात्री टाळ्या वाजवत फिरू लागले. शेजाऱ्यांना वाटलं भजन सुरू केलं. डास पुरेनात तेव्हा ते वाटी घेऊन शेजारी गेले.

“वहिनी, झुरळ आहे का?”

वहिनींच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. “आमच्या घरी? एक नाही!”

“असलं तर द्या. फक्त फवारा न मारलेलं पाहिजे.”

या एका वाक्यानं दोन घरांतलं हळदीकुंकू त्या वर्षी बंद पडलं.

तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं ते मुंगीच्या वाट्याला येणाऱ्या साखरेकडे बघून. तुकोबांना तेव्हा वाशिमचा श्रावण आठवला नसावा. मुंग्या पेटीबाहेर येऊ नयेत म्हणून कडेला टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात. कोरड्या हवेत तिच्यावर पाय ठरत नाही, मुंगी घसरून आत पडते. दमट हवेत पावडर पाणी धरते आणि चिकटून बसते. एका पावसाळी रात्री वीज गेलेली, बालाजीला दाखवायचे पेढे ओट्यावर झाकून ठेवलेले, आणि पेटीतली प्रजा पावडरीवरून शिस्तीत चालत बाहेर.

सकाळी आईनं नेहमीप्रमाणे विषारी खडू काढला. रोखपालांनी झडप घालून तो हिसकावला आणि ओल्या फडक्यानं ओट्यावरच्या, उंबऱ्यावरच्या, फडताळातल्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या, आपल्या एकीलाही बाधा नको म्हणून. सीमा खुल्या झाल्याची बातमी घरातल्या सव्वा कोटींना समजायला वेळ लागला नाही. न्याहारीपर्यंत साखरेचा डबा, गुळाची ढेप आणि पेढे सर्वपक्षीय झाले होते. रोखपाल हातात मऊ ब्रश घेऊन ओट्यावर वाकलेले, एकेक मुंगी उचलून निरखताहेत, आणि मागून बायको शांतपणे विचारते आहे, “यातल्या तुमच्या कोणत्या आणि आपल्या कोणत्या?”

अशा घटना घरात राहत नाहीत. गडचिरोलीत नोकरी केलेले एक मावसोबा येऊन सांगून गेले की तिकडे लाल मुंग्यांची चटणी करतात, फार झणझणीत लागते. ओडिशातल्या सिमिलीपालच्या तसल्या चटणीला तर 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. “तुमच्या काळ्या आहेत, पण करून बघायला काय हरकत?” रोखपालांनी त्यांना दुसरा चहा विचारला नाही. कृषी सहायकांनी वेगळीच बातमी आणली: 2025 साली केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे 5,000 राणी मुंग्यांसह पकडले गेले. नळ्या त्याच, कापसाचे बोळेही तेच. कोर्टानं 10 लाख शिलिंग दंड नाहीतर वर्षभर कैद सुनावली. “भाऊ, तुमची एकच हाय ना?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं आणि दार लावून घेतलं.

पण मुंग्या पाळण्याची खरी किंमत कायद्याकडून वसूल होत नाही, गल्लीकडून होते. ‘मुंग्यावाले साहेब’ हे नाव पडल्यापासून गल्लीतल्या कुठल्याही घरात मुंगी दिसली की तिची मालकी आपोआप ठरू लागली. कोणाच्या लाडवांना लागल्या, कोणाच्या बाळाच्या पाळण्यात चढल्या, कोणाच्या मिक्सरमध्ये शिरल्या, फोन रोखपालांना. एका रविवारी कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू गुलाबजामचं भांडंच घेऊन दारात उभ्या राहिल्या. पाकावर बारीक मुंग्यांचा थर.

“घ्या तुमच्या. अन् पाक भरून द्या.”

रोखपालांनी चष्मा लावला, भांड्यात वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “काकू, या माझ्या नाहीतच! ही टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. बघा, डोकं काळं, पोट पांढुरकं, आकार केवढासा. माझ्या त्या कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. जात वेगळी, घराणं वेगळं, एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत.”

काकूंनी भांडं त्यांच्या हातात ठेवलं आणि पदर खोचला.

“आमाले आमच्या जावयाचं पुरं नाव येत नाई. तुमाले याईचं नाव, आडनाव, खानदान सारं पाठ. मंग तुमच्या नाईत तं कोनाच्या हायेत?”